बंद पडलेला सर्व्हर आणि आईचा जुना ईसीजी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या गुडघ्याचं सांधेरोपण मंगळवारी आमच्याच रुग्णालयात व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी ओपीडी संपवून हात धूत होतो, तेवढ्यात भूलतज्ज्ञ मॅडमचा फोन आला. ‘‘सर, आईंच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक दिसतोय. त्यांचा एखादा जुना ईसीजी आहे का घरी?’’

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर बरंच अवलंबून असतं. हृदयाच्या ठोक्याचा विद्युतसंदेश वरून खाली येतो आणि डाव्या-उजव्या कप्प्यांकडे जाणाऱ्या दोन फांद्यांमध्ये विभागतो. डाव्या फांदीत अडथळा आला, की डाव्या कप्प्याला संदेश उशिरा मिळतो. यालाच लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. वर्षानुवर्षं रक्तदाब असलेल्या वयस्कर माणसांत तो दिसू शकतो. तो अनेक वर्षं जुना असेल आणि माणसाला काही त्रास नसेल, तर घाई नसते. मात्र तो नव्यानं उपटला असेल, तर हृदयाच्या स्नायूचं किंवा रक्तवाहिन्यांचं काही बिनसलंय का, हे शस्त्रक्रियेआधी शोधावं लागतं. जुना की नवा, हे आजचा ईसीजी सांगू शकत नाही. त्यासाठी जुना कागदच हवा.

आईचा जुना ईसीजी होता. २०१७ मध्ये ती बहिणीकडे असताना तापानं आजारी पडली होती, तेव्हा तिथल्या दवाखान्यात काढलेला. घरी येऊन आईची कापडी पिशवी उलटी केली. त्यात रक्ताचे रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, लसीचं प्रमाणपत्र, सगळं होतं. ईसीजीही सापडला, पण लॅमिनेट केलेला. कागद खराब होऊ नये म्हणून आईनं तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून २०२१ मध्ये प्लास्टिकमध्ये घालून आणला होता. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो, म्हणजे उष्णतेनं काळा पडणारा. लॅमिनेशनच्या गरम रोलरखालून तो गेला आणि पाटीसारखा काळाकुट्ट झाला. जपायला गेलो आणि घालवून बसलो, अशी गत.

तरी मी निश्चिंत होतो. २०२० च्या टाळेबंदीत घरातले सगळे कागद मी स्कॅन करून ‘आरोग्य’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. ते फोल्डर होतं आमच्या घरच्या सर्व्हरवर. आणि तो सर्व्हर सुरूच होत नव्हता.

चप्पल हुंगवण्याचा प्रकार

घरचा सर्व्हर म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर २०१९ मध्ये लिनक्स घातलं आणि तो इन्व्हर्टरशेजारच्या मांडणीवर ठेवून दिला. घरातले मोबाइल आणि लॅपटॉप त्यावर फोटो आणि कागद साठवतात. तो चोवीस तास चालू असतो, म्हणून त्याला सर्व्हर म्हणायचं. गुरुवारी रात्री त्यानं ‘अपडेट आलंय’ असं सांगितलं. मी होकार दिला, रीस्टार्ट केलं आणि झोपायला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी फोल्डर उघडायला गेलो, तर नेटवर्कवर सर्व्हरचा पत्ताच नव्हता. मॉनिटर जोडून पाहिला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळींची गर्दी आणि सगळ्यात खाली दोन शब्द : ‘कर्नल पॅनिक’.

पॅनिक यंत्राला झालं होतं, पण तो शब्द वाचून मलाही झालं. मी बटण दाबून धरलं, यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. असं चार वेळा केलं. मग कपाटातून लिनक्सचा पेनड्राइव्ह काढला. नव्यानं सगळं घालून टाकावं, असं मनात आलं. रस्त्यात फिट येऊन पडलेल्या माणसाला चप्पल हुंगवणाऱ्यांवर मी तीस वर्षं चिडत आलोय. त्या संध्याकाळी मी त्याहून वेगळं काही करत नव्हतो.

नशीब, पेनड्राइव्ह लावण्याआधी भाच्याला फोन केला. तो एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो.

‘‘मामा, आधी हात बाजूला घे. काहीही दाबू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘मला तीन गोष्टी सांग. शेवटचं नीट कधी चाललं होतं? त्यानंतर काय बदललं? आणि पडद्यावर अगदी शेवटची ओळ कोणती आहे?’’

मी गप्पच झालो. रुग्णाला मी रोज हेच विचारतो. दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी काय वेगळं घडलं, आता नेमकं काय होतंय. स्वतःच्या घरात मात्र मी इतिहास न घेता थेट ऑपरेशनला निघालो होतो.

यंत्र जागं कसं होतं?

संगणक सुरू होणं ही एक उडी नसते, तो जिना असतो. एका पायरीवरून पुढची पायरी गाठली जाते. भाच्यानं मला त्या पायऱ्या फोनवर मोजायला लावल्या.

पहिली पायरी विजेची. पंखा फिरतो का, दिवा लागतो का? दुसरी पायरी मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रामची, म्हणजे फर्मवेअरची. तो जागा होऊन मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. तिसरी पायरी बूटलोडरची. हा डिस्कवरचा निरोप्या, कोणती प्रणाली सुरू करायची ते सांगतो. चौथी पायरी कर्नलची. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स म्हणजे मुळात हा कर्नलच. पाचवी पायरी म्हणजे कर्नलनं मुख्य डिस्क उघडून आत शिरणं. आणि मग सहावी : नेटवर्क, फाइल वाटप वगैरे सेवा एकेक करून सुरू होणं.

कोणत्या पायरीवर अडलंय ते कळलं, की निम्मं निदान झालं. पंखाच फिरत नसेल, तर वीज किंवा वीजपुरवठ्याचा डबा तपासायचा. पंखा फिरतोय, पण पडदा कोरा आहे आणि आतून बीप ऐकू येतायत, तर बहुधा मेमरी किंवा डिस्प्ले कार्ड. ‘बूट करण्याजोगं उपकरण नाही’ असा निरोप असेल, तर डिस्क निकामी झालीय, वायर सैल आहे किंवा बूटलोडर बिघडलाय. लिनक्स ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबून पासवर्ड मागत असेल, तर बऱ्याचदा यादीत लिहिलेली एखादी डिस्क जागेवर सापडत नसते. आणि सगळं सुरू झालंय, फक्त नेटवर्कवर दिसत नाही, तर यंत्र जागं आहे, बोलू शकत नाही एवढंच.

आमच्या यंत्राचा पंखा फिरत होता. फर्मवेअरच्या पडद्यावर डिस्कचं नाव दिसत होतं, म्हणजे डिस्क जिवंत होती. हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकलो. बूटलोडर येत होता, कर्नल सुरू होत होता. पाचव्या पायरीवर मात्र तो अडखळत होता : मुख्य डिस्क उघडता येत नाही, असं तो सांगत होता.

‘‘डिस्क आहे, पण कर्नलला ती उघडता येत नाही,’’ भाचा म्हणाला. ‘‘म्हणजे किल्ल्यांचा जुडगा हरवलाय.’’

त्याचा खुलासा असा. कर्नलला डिस्क उघडायला काही हत्यारं लागतात. ती हत्यारं डिस्कवरच असतात. कुलूपबंद खोलीत किल्ली, असा हा पेच. म्हणून सुरुवातीपुरती हत्यारं एका छोट्या गाठोड्यात बांधून वेगळी ठेवतात. या गाठोड्याला इनिटरॅमएफएस म्हणतात. आमची डिस्क पासवर्डनं कुलूपबंद केलेली असल्यामुळे या गाठोड्याशिवाय पुढे सरकणं शक्यच नव्हतं. नव्या अपडेटनं नवा कर्नल आणला होता, पण त्याचं गाठोडं बांधलंच गेलं नव्हतं.

आधी जीव, मग दुरुस्ती

लिनक्समध्ये नवा कर्नल आला तरी जुना लगेच फेकून देत नाहीत. बूटलोडरच्या यादीत ‘जास्तीचे पर्याय’ या ओळीखाली तो पडून असतो. भाच्याच्या सांगण्यावरून मी तिथे जाऊन आधीचा कर्नल निवडला. यंत्रानं पासवर्ड मागितला. दोन मिनिटांत सर्व्हर जागा झाला.

मला लगेच दुरुस्तीला लागायचं होतं. भाच्यानं पुन्हा थांबवलं. ‘‘आधी तुझं फोल्डर पेनड्राइव्हवर घे. नीट उतरलं का ते लॅपटॉपवर उघडून बघ. दुरुस्तीत काही चुकलं, तर मला नंतर रडगाणं नको.’’ अपघात विभागात आम्ही हेच करतो. मोडलेलं हाड नंतर बसवता येतं. आधी श्वास, रक्तदाब, रक्तस्राव.

जुना कर्नलही सुरू झाला नसता तर? तर मी काढलेला तोच पेनड्राइव्ह कामाला आला असता, पण वेगळ्या रीतीनं. त्यावरून तात्पुरती प्रणाली सुरू करायची, ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडायची आणि फाइल बाहेर काढायच्या. तोच पेनड्राइव्ह माझ्या घाईत सगळं पुसणारा ठरला असता.

फोल्डर सुरक्षित झाल्यावर गाठोडं का बांधलं गेलं नाही ते पाहिलं. कारण लगेच सापडलं. कर्नल आणि त्यांची गाठोडी ठेवायला डिस्कवर एक वेगळा कप्पा होता, जेमतेम ५०० मेगाबाइटचा. प्रत्येक अपडेटबरोबर नवा कर्नल येत होता आणि माझ्या यंत्रावर जुने हटवायची सोय मीच कधीतरी बंद करून ठेवली होती. कप्पा शंभर टक्के भरला होता. गुरुवारी रात्री नवा कर्नल कसाबसा मावला, पण गाठोड्याला जागा उरली नाही. अपडेटच्या नोंदीत ‘जागा शिल्लक नाही’ ही ओळ स्पष्ट लिहिलेली होती. त्या रात्री ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती. मी वाचली नव्हती.

पुढची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. चालू असलेला कर्नल आणि एक राखीव ठेवून बाकीचे जुने काढून टाकले. तेही फाइल हातानं पुसून नव्हे, तर प्रणालीच्या स्वतःच्या साधनानं, म्हणजे तिच्या नोंदीही जुळत्या राहतात. मग नव्या कर्नलचं गाठोडं पुन्हा बांधायला सांगितलं, बूटलोडरची यादी ताजी केली आणि रीस्टार्ट केलं. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. सर्व्हर नव्या कर्नलवर सुरू झाला.

दोष अपडेटचा का?

‘‘बघ, मी म्हणते ना, चालतंय त्याला हात लावू नये,’’ आई म्हणाली. अपडेट केलं आणि बंद पडलं, म्हणजे अपडेटमुळे बंद पडलं, हा तर्क पटकन पटतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आपण कावळ्याला धरतो. फांदी आधीपासून पोखरलेली होती. आमचा कप्पा कित्येक महिने भरत आला होता. त्या रात्री नाही, तर पुढच्या अपडेटला हेच झालं असतं. लग्नाच्या धावपळीनंतर धाप लागून येणारे रुग्ण आम्ही पाहतो. घरचे लग्नाला दोष देतात. नीट विचारलं, तर जिना चढताना धाप चार महिन्यांपासून लागत असते.

अर्थात, अपडेट स्वतःच सदोष असूही शकतं. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले विंडोज संगणक निळा पडदा दाखवून पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ती संख्या सुमारे ८५ लाख होती. कंपनीनं दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली, पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत सुधारणा पोचणार कशी? अनेक ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती फाइल काढावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.

मग अपडेट करूच नये का? त्याचं उत्तर मे २०१७ मध्ये मिळालं होतं. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूनं इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतले संगणक कुलूपबंद केले. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथे मांडला गेला. त्या विषाणूची वाट बंद करणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते घातलं नव्हतं, त्यांना फटका बसला. म्हणजे अपडेट टाळणं हा उपाय नाही. औषधाचा दुष्परिणाम होऊ शकतो म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे रुग्ण पुढे अर्धांगवायू होऊन येतात. गोळी घ्यायची आणि रक्तदाब मोजत राहायचा, तसंच हे. अपडेट करायचं, पण आधी जागा पाहायची, प्रत काढायची, शेवटच्या ओळी वाचायच्या आणि ज्या दिवशी यंत्राची गरज आहे त्याच्या आदल्या रात्री करायचं नाही.

बॅकअप होता, पण…

वाचकांपैकी कुणी विचारेल, डॉक्टर, बॅकअप नव्हता का? होता. बाहेरची एक हार्ड डिस्क होती आणि दर रविवारी तिच्यावर आपोआप प्रत निघत होती. पण ती व्यवस्था मी २०१९ मध्ये लावली, तेव्हा फक्त फोटोंचं फोल्डर निवडलं होतं. ‘आरोग्य’ फोल्डर २०२० मध्ये तयार झालं आणि ते यादीत घालायचं राहून गेलं. चार वर्षांहून अधिक काळ मी ‘बॅकअप आहे’ या भरवशावर जगत होतो. एकदाही ती डिस्क उघडून पाहिली नव्हती. अतिदक्षता विभागात ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर नुसता उभा असून चालत नाही, त्यातला दाब रोज पाहावा लागतो. हे मला माहीत होतं. घरी लागू करायचं सुचलं नव्हतं.

संगणक सांभाळणारे तीन-दोन-एक असा नियम सांगतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी त्यात एक भर घालेन : महिन्यातून एकदा त्यातली कोणतीही एक फाइल उघडून पाहा.

घरात सर्व्हर असलेली माणसं थोडी. पण कागदांची पिशवी प्रत्येक घरात असते. तिच्यासाठी हे एवढं करा. ईसीजी, सोनोग्राफीचे फोटो असे थर्मल कागदावरचे रिपोर्ट लॅमिनेट करू नका. ऊन आणि उष्णतेपासून लांब ठेवा. ते काही वर्षांत आपोआपही फिके पडतात. त्यामुळे हातात पडल्या दिवशीच त्यांची साधी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. फोटोत नाव आणि तारीख दिसते ना ते पाहा. तारीख नसलेला ईसीजी तुलनेला फारसा उपयोगी पडत नाही. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, हृदयाची सोनोग्राफी, आधी झालेल्या शस्त्रक्रियांचे कागद, चालू औषधांची यादी आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची चिठ्ठी, एवढं एका जागी असू द्या. आणि ते कुठे आहे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असू द्या. आभा खात्याचा चौदा अंकी क्रमांक काढला असेल, तर जोडलेल्या रुग्णालयांतल्या नोंदी तिथे पाहता येतात. जुने कागद मात्र आपणच सांभाळायचे.

शनिवारी सकाळी २०१७ चा ईसीजी मॅडमना दाखवला. स्कॅन करताना मी तो नीट वाचलाही नव्हता. तेव्हाच्या रेषांमध्येही तोच ब्लॉक होता, तसाच. म्हणजे तो नवा नव्हता. मॅडमनी तरीही हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, आणि ते योग्यच होतं. हृदयाचं आकुंचन चांगलं होतं. मंगळवारी ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया झाली.

आई आता वॉकरशिवाय अंगणात फिरते. तिच्या कापडी पिशवीत दोन गोष्टींची भर पडली आहे : जुन्या आणि नव्या ईसीजीची झेरॉक्स. सर्व्हरवर नव्यानं काही ठेवलं, की ती मला विचारते, ‘‘अरे, त्याची झेरॉक्स काढलीस का?’’ तिला बॅकअप म्हणायचं असतं. मी त्या रविवारी डिस्क जोडून पाहून येतो.